मेट्रिक्सचा तह

परवा रात्री भाचीचा फोन आला. नुकतीच नोकरीला लागली आहे, आणि तिच्या ऑफिसात सध्या दुसरा विषयच नाही : यंत्रं आपलं काम खाणार का? त्यावरून कुणीतरी तिला मेट्रिक्सचे तिन्ही भाग बघायला सांगितले. दोन बघून झाले होते. तिसरा लावण्याआधी तिनं मला थेट विचारलं, "मामा, शेवटी जिंकतं कोण? माणसं की यंत्रं? ते सांग, मग बघते."

मी म्हटलं, कुणीच नाही. त्यावर "म्हणजे बोअर आहे" असं म्हणून तिनं फोन ठेवला :)

तिचं काही चुकलं असं नाही. २००३ साली मीही थिएटरातून बाहेर पडताना नेमकं हेच म्हणालो होतो. पण फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. म्हणून 'मेट्रिक्स रिव्होल्यूशन्स' पुन्हा एकदा पाहिला आणि आता हे लिहायला बसलो. ज्यांनी पाहिला नाही आणि ज्यांना शेवट कळलेला चालत नाही, त्यांनी इथेच थांबावं. बाकी मंडळींनी चहा घेऊन बसावं, कारण लिखाण जरा लांबणार आहे.

आधी थोडा इतिहास. पहिला 'मेट्रिक्स' मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत लागला. दिग्दर्शक वाचोव्स्की ही जोडी तोवर फारशी कुणाला माहीत नव्हती. चित्रीकरण सिडनीत झालं. २००० सालच्या ऑस्कर सोहळ्यात त्याला चार पुरस्कार मिळाले, आणि त्यातला दृश्य-करामतींचा पुरस्कार तर त्यानं 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाला मागे टाकून मिळवला. गोळ्या चुकवत मागे वाकलेला किआनू रीव्ज आणि भोवती गर्रकन फिरणारा कॅमेरा पुढे जगभर आणि आपल्याकडेही इतक्यांनी उचलला की मूळ चित्रपट न पाहिलेल्यांनाही तो पाहिल्यासारखा वाटतो. गोष्ट अशी होती : आपण जगतो ते जग खरं नाही, यंत्रांनी आपल्याला झोपवून डोक्यात चालू ठेवलेला तो एक कार्यक्रम आहे, आणि आपल्या शरीरातली ऊर्जा ती वापरून घेत आहेत. निओ जागा होतो, आणि आता तो सगळ्यांना सोडवणार असं वाटायला लावून चित्रपट संपतो.

म्हणजे प्रेक्षकांना वचन मिळालं होतं ते मुक्तीचं.

दुसरा आणि तिसरा भाग एकदमच चित्रित झाले. २००१ साली काम सुरू झालं आणि सुरुवातीलाच दोन धक्के बसले. झी या भूमिकेसाठी निवडलेली गायिका आलिया ऑगस्ट २००१ मध्ये विमान अपघातात गेली. मग सप्टेंबरात ग्लोरिया फॉस्टर गेल्या. पहिल्या भागात स्वयंपाकघरात बिस्किटं भाजत भविष्य सांगणारी ओरॅकल त्यांनीच साकारली होती. दुसऱ्या भागातलं त्यांचं काम झालं होतं, तिसऱ्यातलं राहिलं होतं. तिथे मेरी ॲलिस आल्या, आणि कथेतच असं दाखवलं गेलं की ओरॅकलला आपलं जुनं रूप गमवावं लागलं आहे. ती निओला भेटते तेव्हा तिला स्वतःलाही आपला नवा चेहरा पुरता सवयीचा झालेला नसतो. पडद्यामागचं दुःख पडद्यावर इतक्या साधेपणानं आणलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

'रीलोडेड' मे २००३ मध्ये आला आणि जगभरात ७४ कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला. बुधवार, ५ नोव्हेंबर २००३ रोजी 'रिव्होल्यूशन्स' आला, तोही जगभरातल्या अनेक देशांत एकाच क्षणी. लॉस एंजेलिसला सकाळचे सहा, न्यूयॉर्कला नऊ, लंडनला दुपारचे दोन, मॉस्कोला संध्याकाळचे पाच, टोकियोत रात्रीचे अकरा. आपल्या घड्याळात तेव्हा साडेसात वाजले होते. आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर आणि साध्या थिएटरात एकाच वेळी लागलेला नटनट्यांचा हा पहिलाच कथापट. आता असं प्रदर्शन नेहमीचं झालंय, पण त्या काळी परदेशी चित्रपट आपल्याकडे येईपर्यंत कित्येकदा महिने जात. साऱ्या जगानं एकच शेवट एकाच घटकेला बघायचा, या कल्पनेचंच अप्रूप होतं.

आणि मग साऱ्या जगानं एकदमच नाक मुरडलं. परीक्षकांनी झोडपलं. कमाई ४३ कोटी डॉलरच्या आत अडकली, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या भागाहून कितीतरी कमी.

आम्ही तो काही दिवसांनी एका रविवारी पाहिला. मी, दोन मित्र, आणि ऐन वेळी तिसऱ्या मित्राचं तिकीट उरलं म्हणून सोबत आलेले बाबा. बाबांनी आधीचे भाग पाहिले नव्हते. जाताना रिक्षात मी त्यांना दहा मिनिटांत दोन चित्रपट सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मशीन आणि माणूस यांचं भांडण. ठीक आहे, ते मला कळतं."

ते त्यांना का कळत होतं, हे सांगायला थोडं विषयांतर करावं लागेल. बाबा एका सरकारी बँकेत कारकून होते आणि युनियनचे कार्यकर्ते. भल्यामोठ्या लेजरमध्ये हातानं नोंदी करण्याच्या काळातले. बँकांत यंत्रं आणायची की नाही हा त्यांच्या पिढीचा मोठा लढा होता. १९८३ साली बँकांची व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रं येतील, पण कुठे आणि किती यावर मर्यादा राहील, अशा धर्तीचा. पुढे १९९३ साली संगणकीकरणाचा करार झाला आणि मर्यादा सैल झाल्या. मधल्या काळात रंगराजन समित्यांचे अहवाल आले, शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्या घरी जेवणाच्या पानावर 'सेटलमेंट' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की लहानपणी मला तो एखाद्या पदार्थाचं नाव वाटे. आणि मग २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरातल्या सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यातले एक बाबा. वय पंचावन्न. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. फक्त त्यांच्या टेबलावरचं काम हळूहळू कमी होत गेलं होतं. घरी आल्यावर पहिलं वर्षभर ते रोज साडेनऊला तयार होऊन बसायचे. कुठे जायचं नसतानाही.

असो. तर चित्रपट.

सुरुवातीलाच निओ एका पांढऱ्याशुभ्र, रिकाम्या मेट्रो स्टेशनवर अडकलेला असतो. स्टेशनच्या नावातली 'मोबिल' ही अक्षरं फिरवली की 'लिंबो' होतं, म्हणजे ना इथलं ना तिथलं. तिथे त्याला एक भारतीय कुटुंब भेटतं. वडील रामचंद्र (श्रेयनामावलीत 'रामा-कांड्रा' म्हणून येणारे), आई कमला, आणि लहानगी सती. आमच्या थिएटरात इथे हशा पिकला. सातासमुद्रापार, यंत्रांच्या जगात, भेटून भेटून भेटलं कोण, तर शेजारच्या चाळीतलं वाटावं असं बिऱ्हाड!

पण ही माणसं नाहीतच, ते प्रोग्राम आहेत. वडील वीजकेंद्राच्या व्यवस्थेत, आई सॉफ्टवेअर रचणारी. त्यांनी मिळून ही मुलगी घडवली आहे, आणि अडचण एवढीच की तिचा काही उपयोग नाही. यंत्रांच्या जगात ज्याला काम नाही त्याला पुसून टाकतात. म्हणून हे आईबाप लाचलुचपत करून, एका गुंडाशी सौदा करून, मुलीला चोरवाटेनं बाहेर काढत आहेत. एका प्रोग्रामच्या तोंडी प्रेमाची भाषा ऐकून निओ चकित होतो. त्यावर रामचंद्र शांतपणे सांगतो की प्रेम हा नुसता शब्द आहे, त्यामागे जे नातं असतं ते महत्त्वाचं.

पहिल्यांदा पाहताना मला हा प्रसंग रटाळ वाटला होता. मारामारी कधी सुरू होणार याची मी वाट पाहत होतो. बाबा मात्र पुढे सरकून बसले होते. तेव्हा मला त्याचं कारण उमगलं नाही. काम संपलं की पुसून टाकणं ही गोष्ट आमच्या चौघांत फक्त एकाला ओळखीची होती.

मारामारी पुढे आहेच. आणि जोरदार आहे. झायन या माणसांच्या भूमिगत शहरावर यंत्रांच्या झुंडी तुटून पडतात, तो भाग आजही श्वास रोखून बघायला लावतो. गंमत म्हणजे त्यात निओ नाहीच. तिथे लढतात ती साधी माणसं : गोळ्यांच्या पेट्या ढकलणारा पोरगा, जहाज अरुंद बोगद्यातून हाकणारी नायोबी, मरेपर्यंत तोफा चालवणारा कॅप्टन मिफुने. आणि इतकं लढूनही हरणार हे दिसतच असतं.

निओ आणि ट्रिनिटी तेवढ्यात भलतीकडेच निघालेले असतात, थेट यंत्रांच्या शहराकडे. निओचे डोळे गेले आहेत. वाटेत त्यांचं जहाज काळ्या ढगांच्या वर जातं आणि ट्रिनिटीला आयुष्यात एकदाच, काही क्षण, खरा सूर्य दिसतो. मग कोसळणं, तिचा मृत्यू, आणि तो आंधळा माणूस यंत्रांच्या अवाढव्य चेहऱ्यासमोर एकटा उभा.

आता इथे तो काय करतो? आपण तीन भाग वाट पाहिलेली असते की तो यंत्रांचा नायनाट करेल. तो वाटाघाटी करतो. एजंट स्मिथ हा यंत्रांचाच प्रोग्राम, पण तो आता त्यांच्याही हाताबाहेर गेला आहे आणि साऱ्यांना गिळत सुटला आहे. निओ म्हणतो की तो तुम्हाला आवरणार नाही, मी आवरतो. बदल्यात काय हवं, तर शांतता.

बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "बरोबर. समोरच्याची अडचण ओळखली आणि मगच टेबलावर बसला."

पावसातली शेवटची झुंज सगळ्यांना आठवत असेल. एक बारकावा मला यंदा प्रथमच जाणवला. पहिल्या भागापासून स्मिथ निओला त्याच्या जुन्या नावानंच हाक मारतो, 'मिस्टर अँडरसन'. त्यानं स्वतः निवडलेलं नाव मान्यच करायचं नाही, हा त्याचा हट्ट. अगदी शेवटी, आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नसताना, त्याच्या तोंडून 'निओ' निघतं. आणि निओ लढणं थांबवतो. स्वतःला गिळू देतो, आणि त्याच्यामार्फत यंत्रं स्मिथला पुसून टाकतात.

या नावाच्या हट्टाला नंतर वेगळा अर्थ आला. २००३ मध्ये हे दिग्दर्शक 'वाचोव्स्की बंधू' म्हणून ओळखले जात. २०१२ मध्ये लाना आणि २०१६ मध्ये लिली यांनी आपण ट्रान्स स्त्रिया आहोत हे जाहीरपणे सांगितलं. २०२० मध्ये लिली म्हणाल्या की मेट्रिक्सच्या मुळाशी ही रूपांतराची गोष्ट होतीच, फक्त जग ती ऐकायला तयार नव्हतं. हे माहीत असताना 'मिस्टर अँडरसन' ही हाक ऐकून पाहा, कानाला वेगळीच टोचते. चित्रपट तोच असतो, काळ पुढे सरकला की त्यातलं काहीबाही नव्यानं ऐकू येतं.

शेवटी युद्ध थांबतं. यंत्रांच्या झुंडी झायनमधून मागे फिरतात. बागेत ओरॅकल आणि मेट्रिक्सचा आरेखक भेटतात, आणि ठरतं की ज्यांना मेट्रिक्समधून बाहेर पडायचं आहे त्यांना जाऊ दिलं जाईल. म्हणजे बाकीचे तिथेच राहणार. यंत्रंही राहणार. ही शांतता किती टिकेल, तर जितकी टिकेल तितकी. आणि छोट्या सतीनं निओसाठी आकाशात एक सूर्योदय केलेला असतो. जिचा काही उपयोग नव्हता तिनं.

दिवे लागले. "हा काय शेवट झाला?" माझा मित्र. मीही त्याच मताचा. लोक उठून चालू लागले. मागे श्रेयनामावली सुरू झाली आणि संगीताच्या दणक्यात अचानक संस्कृत ऐकू येऊ लागलं. डॉन डेव्हिस आणि जुनो रिॲक्टर यांच्या त्या रचनेचं नाव 'नवरस', आणि शब्द बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचे, असत्याकडून सत्याकडे, अंधारातून उजेडाकडे आणि मृत्यूपासून अमरत्वाकडे नेण्याची विनवणी करणारी. शेवटच्या लढाईतल्या समूहगानातही उपनिषदांतलेच शब्द आहेत. बाबा बसून राहिले. झाडूवाला खुर्च्यांच्या रांगांतून फिरायला लागला तेव्हा कुठे उठले.

बाहेर आम्ही तावातावानं चित्रपटाला शिव्या घालत होतो. बाबा म्हणाले, "तुम्हाला विजय हवा होता. त्यानं सेटलमेंट केली. दोन्ही बाजू जिवंत राहिल्या की त्याला सेटलमेंट म्हणतात. विजयात दुसरी बाजू राहत नाही."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज मात्र मला वाटतं, आमच्यात चित्रपट त्यांनाच कळला होता.

थोडं ते वर्षही आठवून पाहा. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला. १ मे रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी विमानवाहू जहाजावर 'कामगिरी फत्ते'च्या फलकासमोर भाषण केलं. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. चित्रपटाचं चित्रीकरण त्याआधीच आटोपलं होतं, त्यामुळे हे उत्तर म्हणून लिहिलेलं नाही. पण विजयाच्या घोषणांच्या वर्षात तहानं संपणारा चित्रपट आला, आणि लोकांना तो मिळमिळीत वाटला, हे खरं.

शिवाय वाचोव्स्कींनी या युद्धाचा इतिहासही त्याच वर्षी सांगून ठेवला होता. 'ॲनिमेट्रिक्स' या लघुपटांच्या मालिकेत 'सेकंड रेनेसाँ' नावाचा दोन भागांचा ॲनिमेशनपट आहे. त्यात यंत्रं सुरुवातीला नोकर असतात. अन्याय होतो, ती वेगळी होऊन आपलं शहर वसवतात, आणि संयुक्त राष्ट्रांकडे सदस्यत्व मागतात. माणसं नकार देतात. तिथून युद्ध. यंत्रांची सौरऊर्जा तोडायला माणसंच आकाश काळं करतात. म्हणजे तहाची पहिली संधी आपण घालवली होती. तिसऱ्या भागाचा शेवट या अर्थानं जुनी चूक दुरुस्त करतो : ज्या टेबलावरून माणसं उठून गेली होती, त्याच टेबलावर निओ परत येऊन बसतो. ट्रिनिटीनं ज्या ढगांवर जाऊन सूर्य पाहिला, ते ढग आपलेच.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मॉर्फियसला यात जवळजवळ कामच नाही. संवाद कित्येकदा प्रवचनासारखे होतात. आणि दुसऱ्या भागानं उभे केलेले बरेच प्रश्न तसेच सोडून दिले आहेत. पण शेवट चुकला, हे आता मला पटत नाही. शाळेत आपण पुरंदरचा तह पाठ केला, तेव्हा तेवीस किल्ले दिले एवढंच लक्षात राहिलं. तहानंतर राज्य जिवंत राहिलं, हे कळायला वय वाढावं लागलं.

डिसेंबर २०२१ मध्ये लानांनी एकट्यानं चौथा भाग केला, 'रिसरेक्शन्स'. तो फारसा चालला नाही. पण त्यात दोन गोष्टी सापडल्या. तहानंतर काही यंत्रं माणसांच्या बाजूला आली आहेत आणि एका नव्या शहरात दोघं एकत्र राहत आहेत. तिकडे ऊर्जा कमी पडल्यामुळे यंत्रं आपसातही लढली आहेत. म्हणजे करार पुरता टिकला नाही, आणि पुरता फुकटही गेला नाही. दुसरी गोष्ट, सती मोठी झाली आहे. भूमिका प्रियांका चोप्रानं केली आहे. स्टेशनवरची ती बिनकामाची पोर, जिला पुसून टाकायचं होतं, तीच या वेळी निओच्या मदतीला येते.

हे सगळं लिहून झाल्यावर भाचीला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नव्हतं, आजोबांना विचार. बाबा आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांचे पेन्शनचे अर्ज भरून देणं, मोबाईलवर बँकेचं काम कसं करायचं ते शिकवणं, हा त्यांचा सध्याचा उद्योग. साडेनऊला तयार होऊन बसतात, आणि लोक येतात.

तिनं स्पीकर लावून विचारलं, "आजोबा, शेवटी जिंकतं कोण?"

बाबा म्हणाले, "जिंकत कुणी नाही गं. करार होतो. मुदत संपली की पुन्हा बसायचं असतं. तेव्हा तुमच्या बाजूनं कोण बसणार आहे, ते आत्तापासून ठरवा."

ती म्हणाली, रविवारी बघते तिसरा भाग. बाबा म्हणाले, संपल्यावर लगेच उठू नकोस, शेवटची नावं येतात तेव्हा बसून राहा.